पाच कोकरं आणि एक समुद्रगाय

कळमनुरी

हिंगोली जिल्ह्यात समुद्रासाठी कोणी येत नाही. इथून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र दिवसभरात लागत नाही. तरीही २००४ च्या फेब्रुवारीत मी आणि माझी मोठी बहीण समुद्रातल्या एका प्राण्यासाठी कळमनुरीहून पुसेगावला गेलो. दोन एसट्यांचा प्रवास. मुक्काम सहा दिवसांचा. तिथे मी जे केलं ते लिहून टाकल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येणार नाही, म्हणून हे प्रवासवर्णन. देखाव्यांच्या आशेने वाचणाऱ्याने इथेच थांबावं.

आधी घर सांगतो. बाबांचा कळमनुरीत पायाने चालवायचा छापखाना. लग्नपत्रिका कमी, पत्रकं जास्त. ओली पत्रकं दोरीवर वाळत घालायची, वाळली की शंभराचे गठ्ठे बांधायचे, हे आमचं बालपण. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं उलटी वाचता येत होती, कारण छपाईचे शिशाचे खिळे उलटे असतात. संपाचं, मोर्चाचं, जयंतीचं, बाबा सगळ्यांचं छापत. पण मशीनवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारत, "हे खरं आहे ना?" समोरचा घुटमळला की कागद परत.

माझा हात पुढे भिंतींवर गेला. जयंतीच्या आधी आठ दिवस कळमनुरीतल्या निम्म्या भिंतींवरचा निळा मजकूर माझा असे. वैशालीताई पुस्तकांत गेली. प्राणिशास्त्र, पीएच.डी., आणि मग दूरच्या किनाऱ्यावरच्या एका संस्थेत दोन वर्षांची पोस्टडॉक्टरल फेलोशिप. बौद्धवाड्यातल्या बाया आईला विचारत, "डॉक्टर झाली म्हन्ता, मंग सुई काहून देत न्हाई?" आई म्हणे, "माणसांची नव्हं, समुद्रातल्या जनावरांची डॉक्टर हाय ती." त्यावर बाया नुसत्या माना डोलवत. समुद्र तरी कोणी पाहिला होता?

हिंगोली

हिंगोलीच्या स्टँडवर पुसेगावची गाडी दोन तास लागली नाही. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, नवी हळद यायला सुरुवात झाली होती. शिजवलेल्या हळदीचा तो ओला, कडवट वास स्टँडपर्यंत येत होता. बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या हमालाचे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि त्या हातांनी तो शांतपणे पेरू खात होता.

त्या दोन तासांत ताईने मला तिचं काम समजावलं. मी ते पहिल्यांदाच नीट ऐकलं.

समुद्रगाय उथळ पाण्यात राहते. तळाशी उगवणारं गवत खाते, श्वास घ्यायला वर येते, पुन्हा खाली जाते. काही वर्षांतून एकदा तिला एक पिल्लू होतं आणि ते वर्ष-दीड वर्ष अंगावर पितं. वरून बोट गेली की ती चरणं सोडून पळते. पळण्यात अंगातली ताकद जाते, आणि तेवढा वेळ पोटातही काही जात नाही. दिवसातून एकदा झालं तर ती भरून काढेल. पण वीसदा झालं तर? तिला रोज किती ऊर्जा लागते, किती मिळते, कमी पडली की आधी चरबी जाते की दूध जातं, दूध गेलं की पिल्लाचं काय होतं, आणि असं होत राहिलं तर तीस वर्षांनी किती समुद्रगायी उरतील, याचं गणित ताई मांडत होती. त्या किनाऱ्यावर बोटी लावायला नवा धक्का व्हायचा होता. बोटी कुठून न्यायच्या हे ठरवताना संस्थेचा अहवाल समोर असणार होता.

"गणितातल्या सगळ्या जागा भरल्यात," ताई म्हणाली. "एक रिकामी आहे. आई अशक्त झाली की पिल्लू सोडते का, आणि किती अशक्त झाल्यावर. समुद्रगायीला कोण तराजूत घालणार?"

"मग मेंढ्या कशाला?"

"त्याही गवत खातात, त्याही पाजतात, आणि उचलता येतात. मेंढी म्हणजे समुद्रगाय नव्हे, हे मलाही कळतं. मला आकडा नको, वळण हवंय. खंगत जाताना आई कुठल्या टप्प्यावर हात सोडते, तेवढं."

मार्चअखेर ती जागा भरली नाही तर तिचे सर तिथे शून्य घालणार होते. शून्य म्हणजे आई पिल्लाला कधीच सोडत नाही, बोटी कितीही आल्या तरी. ती जागा भरली तर फेलोशिप एक वर्ष वाढणार होती. हे दुसरं ताईने अगदी शेवटी, गाडीकडे बघत सांगितलं.

याच स्टँडवर माझी पहिली चूक उघडी पडली. ताई किनाऱ्यावरून आली तेव्हा तिला आणायला मी पूर्णेला गेलो होतो. तिथे छोट्या रुळांच्या गाडीत चढताना कोकरांवर खुणा करायच्या खास खडूंची पिशवी माझ्याकडे होती. ती मी पूर्णेच्या बाकावरच विसरलो होतो.

ताईचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "त्यात काय? रंगवायचं काम माझं." स्टँडसमोरच्या दुकानातून मी निळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा घेतला. ब्रश माझ्या झोळीत कायम असायचा. ताईने डब्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात गाडी लागली.

पुसेगाव

आम्ही उतरलो आमच्याच वस्तीत, बाबांच्या जुन्या स्नेह्यांकडे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. तिथून शेत अर्ध्या तासावर. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मारोतराव आणि कोंडाबाई या मेंढपाळ नवरा-बायकोने मेंढरं बसवली होती. मेंढरं रात्री रानात बसतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. पाऊस कमी झालेला. धसकटंसुद्धा करकर वाजत होती.

मारोतराव अबोल. कोंडाबाई पन्नाशीची, काटक, आणि बोलायला लागली की थांबत नसे.

"समुद्रातल्या गाईसाठी माझी मेंढरं तोलनार?" ती ताईला म्हणाली. "समुद्रात तराजू न्हाई व्हय?"

"तराजू आहे मावशी, पण गाय थांबत नाही."

"मंग हुशार हाय गाय." आणि ती मोकळेपणी हसली. मला ती आवडली. पाच मिनिटं आवडली.

मग ताईने पाणी मागितलं. कोंडाबाईने तांब्या भरला, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "धरा बाई." ताईने ओंजळ पुढे केली. कोंडाबाईने वरून धार सोडली. तिने आमचं आडनाव विचारलं नव्हतं. आम्ही कोणाकडे उतरलो हे विचारलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

पाणी ताईच्या कोपरांवरून ओघळत होतं. दोन पदव्यांपलीकडे गेलेली माझी बहीण रानात वाकून ओंजळीने पाणी पीत होती, आणि मला समोरचं काही दिसेना झालं.

"तुमी घेता का भाऊ?"

"नको."

परतताना मी ताईला फार बोललो. आपल्या घरात काय छापलं जात होतं हे ती विसरली का, एवढं शिकून हेच करायचं होतं का, असं बरंच. ताई चालत राहिली. शेवटी म्हणाली, "बोट चालवणारा तांडेलही मला माझा मग वेगळा आणायला सांगतो. मी आणते. त्याच्याशी रोज भांडले तर गाय कधी बघू?"

"म्हणजे तू मान्य केलंस."

"मी तहान भागवली, सिद्धू. तू तहानलेला राहून काय मिळवलंस ते मला उद्या सांग."

त्या दिवसापासून मी कोंडाबाईशी बोलणं बंद केलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती आता येते.

रानात

काम असं होतं. कोकरं काही तास आयांपासून वेगळी, डाल्याखाली, मोठ्या पालथ्या टोपलीखाली, झाकून ठेवायची. मग एकेक काढून झोळीत घालायचं, झोळी ताणकाट्याला लावायची, वजन लिहायचं. आईकडे सोडायचं, पोटभर पिऊ द्यायचं, आणि पुन्हा तोलायचं. जेवढं वजन वाढलं तेवढं दूध. मेंढी किती खंगली आहे हे कोंडाबाई सांगे. पाठीच्या कण्यावर बोटं दाबायची आणि म्हणायची, "ही बरी हाय," "हिचं हाड लागून राहिलं," "हिच्यात काईच न्हाई." ताईने मोठ्या काट्यावर पडताळून पाहिलं. कोंडाबाईची बोटं चुकत नव्हती. वहीत ताईने एक रकानाच केला: कोंडाबाईचा हात.

कोकरू तोलून झालं की मी ते उचलून कोंडाबाईकडे देई. माझ्या हातातून तिच्या हातात. बोटाला बोट लागे. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तांब्या मात्र दोन पावलं लांब राही. दिवसातून वीस वेळा मी हे पाहत होतो आणि दर वेळी माझ्या डोक्यातल्या पत्रकाचा एक परिच्छेद वाढत होता.

एकूण कोकरं बारा. सात महिनाभराची, पाच नुकतीच जन्मलेली, दोन-तीन दिवसांची. दुरून ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर आकडा हवा होता. कुठे लिहायचा? मी निरखलं. पिताना कोकराचं तोंड आईच्या पोटाखाली असतं, आपल्याला दिसतं ते शेपटीकडचं अंग. म्हणून आकडे मी तिथेच काढले. रंग घट्ट होता, लोकरीत पसरत नव्हता. रॉकेल घालून पातळ केला, भिंतीसाठी करतो तसा. एक ते बारा, भरीव, वळणदार, एकही फराटा इकडेतिकडे नाही.

मारोतराव म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय." त्यांच्या तोंडून दिवसभरात आलेलं ते एकच वाक्य. ताईने दुरून अंगठा दाखवला. मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मेंढ्यांनी आपली कोकरं घेतली नाहीत.

हे दृश्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कोकरू धडपडत येतं, पोटाखाली डोकं घालतं, शेपूट हलवतं. मेंढी मान वळवून त्याचं शेपूट हुंगते, फुत्कारते, आणि डोक्याने त्याला उडवून लावते. ते पुन्हा येतं. ती पुन्हा उडवते. तिसऱ्यांदा ती त्याला पायाखाली घेते. बाकीची सात, मोठी, आपापल्या आईखाली बिनघोर होती.

ताईने वही उघडली. ज्या पाच मेंढ्यांनी कोकरं टाकली, त्याच कोंडाबाईच्या रकान्यात सगळ्यात खंगलेल्या होत्या. नुकत्याच व्यालेल्या, त्यात चारा नाही. ताईने त्या पाच ओळींवरून बोट फिरवलं. "सिद्धू," ती हळू म्हणाली, "हे वळण आहे. हेच."

ती रडत होती आणि लिहीत होती. कोकरांसाठी रडत होती की आनंदाने, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई मारोतरावांबरोबर मेंढरांमागे माळावर गेली होती. मी डाल्यांपाशी होतो. कोंडाबाई एका मेंढीची मागची तंगडी गुडघ्यात धरून कोकराला जबरदस्तीने पाजत होती. त्याच मेंढीचं दूध तळहातावर पिळून तिने कोकराच्या शेपटीवर, माझ्या निळ्या आकड्यावर, खसाखसा चोळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरा, ह्यो रंग मागं काहून लावला? मेंढी लेकराला तिथंच हुंगती. रॉकेलचा वास येऊन राहिला. तिला वळखूच येईना, घेईल कशी? ह्ये थोरले आवाजावरून वळखू येतेत. ह्ये बारके कसे वळखू येतील?"

मी ऐकलं. नीट ऐकलं.

उत्तर दिलं नाही, कारण मी तिच्याशी बोलत नव्हतो.

"तुमच्या बाईला सांग बरं," ती म्हणाली.

मी ताईला सांगितलं नाही.

याची कारणं मी नंतर बरीच जमवली. तांब्या वरून धरणाऱ्या बाईचं काय ऐकायचं, हे एक. तिला विज्ञान काय कळतं, हे दुसरं. आणि बाबांचा मुलगा असून हे वाक्य माझ्या मनात आलं. तिसरं कारण खरं होतं. जे घडलं होतं ते आमच्या बाजूचं होतं. भुकेल्या आईच्या हातून लेकरू सुटतं, हे पाच मेंढ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध केलं होतं. ताईची जागा भरली होती. धक्केवाल्यांच्या तोंडावर फेकायला माझ्या हातात काहीतरी आलं होतं. त्यात रॉकेल मला नको होतं.

पाचांपैकी तीन कोंडाबाईने वाचवली. दोन गेली. ताईने भरपाईचं काढलं तर मारोतरावांनी हात हलवून विषय मोडला.

पुन्हा कळमनुरी

हिंगोलीच्या एसटीडी बूथमधून ताईने सरांना फोन केला. काचेआडून मला तिचं हसू दिसत होतं. बाहेर येऊन म्हणाली, "सर म्हणाले, याहून स्वच्छ वळण पुस्तकातसुद्धा मिळणार नाही." मोंढ्यासमोर आम्ही दोघांनी गरम भजी खाल्ली. ताईने मला तिच्या वाटणीची मिरची दिली. लहानपणी पैजेत जिंकल्यावरच ती द्यायची.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. ताईला न विचारता, तिच्या वहीतून. मथळा: "पाच आयांनी लेकरं टाकली!" खाली सगळं ओतलं. भुकेने आधी दूध आटतं आणि मग माया आटते. पुसेगावच्या रानात घडलं तेच उद्या समुद्रात घडेल. इथे चारा द्या, तिथे धक्का थांबवा.

बाबांनी खिळे जुळवले. मजकूर उलटा वाचला, एकदा, दोनदा. मग पाय मशीनवर न ठेवता माझ्याकडे पाहिलं.

"हे खरं आहे ना?"

"ताईच्या वहीत आहे."

"मी वहीचं नाही विचारलं."

"खरं आहे, बाबा."

मशीन सुरू झालं. त्या घरात त्या प्रश्नाला दिलेलं पहिलं खोटं उत्तर माझं असावं. घुटमळलोसुद्धा नाही.

आठवडी बाजारात मी बकऱ्यांच्या बाजूला उभा राहिलो, कारण चाऱ्याची झळ तिथल्या माणसांना होती. पत्रकं भराभर संपत होती. लोकांनी वाचून दाखवायला सांगितलं म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. पन्नासेक माणसं जमली. गर्दीच्या कडेला ताई दिसली. आईबरोबर भाजीला आली होती. हातातली पिशवी तशीच धरून ती ऐकत होती. तिच्या कपाळावरची आठी मला दिसली, पण मी ऐन रंगात होतो.

"पाच आया! भुकेनं आंधळ्या झालेल्या पाच आया—"

"कुन्या रं पाच?"

आवाज ओळखीचा होता. कोंडाबाईचं माहेर कळमनुरीकडचं. मारोतरावांबरोबर ती दोन बकऱ्या विकायला आली होती.

"माझ्या का? माझ्या मेंढ्यांनी टाकली?" ती पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं. "अरे, भुकेनं कवा टाकली? मेंढी मरंल, पन पाजता पाजता मरंल. तू ढुंगनाला रॉकेल लावलं नव्हं त्यांच्या!"

गर्दी हसली. बाजारातलं हसू फार लवकर पसरतं. कोणी म्हणालं, "मोर्चावाल्यांनी मेंढरं बी रंगवली काय?" दुसरा म्हणाला, "निळीच रंगवली असतील!" त्यावर आणखी हशा. त्या हशात काय काय होतं ते मला कळत होतं. त्याला उत्तर द्यायची माझी तयारी लहानपणापासूनची आहे. पण त्या दिवशी ती बाई खरं बोलत होती.

"मावशी," ताई गर्दीतून पुढे येत म्हणाली, "हे तुम्ही मला तिथे का नाही सांगितलं?"

कोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या भावाला सांगितलं की. त्यानं न्हाई सांगितलं?"

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं, घडी घातली आणि पिशवीत मेथीवर ठेवलं.

घरी येऊन ती ओट्यावर बसली. वही उघडून पाच ओळींवर पाच आडव्या रेघा मारल्या. पट्टी लावून.

"सात उरली," ती म्हणाली. "एकीनेही सोडलेलं नाही. सातांवर वळण निघत नाही."

मी भांडलो. अजूनही भांडलो. म्हणालो, रंगाचं असेल, पण भुकेचंही असेल की. त्या मेंढ्या खंगलेल्या होत्याच. आणि त्या ओळी ठेवल्याने नुकसान कोणाचं? ज्यांचं व्हायला हवं त्यांचंच. शून्य घातलं तर ते खोटं, आपलं ठेवलं तर निदान खऱ्याच्या बाजूचं खोटं.

"संस्थेत बाकीच्यांचा आकडा एकदा तपासतात," ताई म्हणाली. "माझा दोनदा. का ते तुला सांगायला नको. दोन वर्षांत एक चूक सापडली नाही त्यांना. आता तू म्हणतोस, मीच एक ठेवून देऊ?"

"त्यांना कळणार नाही."

"मला कळलंय ना." मग वही मिटत म्हणाली, "त्या बाईने मला पाणी वरून दिलं, सिद्धू. पण माहिती सरळ दिली होती. ती तू अडवलीस."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत गेले आणि जुन्या मजकुराचे खिळे सोडवू लागले. एकेक खिळा पेटीतल्या त्याच्या घरात टाकल्याचा आवाज बाहेर येत होता.

शेवटचं

दुसऱ्या पत्रकाचा मजकूर बाबांनी मला लिहायला लावला आणि जुळवायलाही. आकार तोच, संख्या तीच. त्यात लिहिलं की पुसेगावला मेंढ्यांनी कोकरं टाकली ती भुकेने नव्हे. त्यांच्या अंगावर आम्ही रॉकेल मिसळलेला रंग लावला म्हणून. दोन कोकरं त्यात मेली. हे आम्हाला कोंडाबाईंनी वेळेवर सांगितलं होतं. खाली माझं नाव. पुढच्या बाजारात मी ते वाटलं. पहिलं पत्रक लोकांनी मागून घेतलं होतं. हे बहुतेकांनी हातात घेऊन भजी गुंडाळायला दिलं.

ताईने सरांना फोन केला. सर म्हणाले, असं होतं कधी कधी, वाईट वाटून घेऊ नका. आणि त्या जागी त्यांनी शून्य घातलं. आलेख सरळ निघाला. तीस वर्षं, एक आडवी रेघ. अहवालात लिहिलं गेलं की बोटींचा पिल्लांवरचा परिणाम नगण्य आहे. खाली ज्यांची नावं आहेत त्यांत ताईचं नाव नाही. ते काढायला तिनेच सांगितलं, आणि तेवढी एकच विनंती कोणतीही चौकशी न करता मान्य झाली. फेलोशिप वाढली नाही. ताई आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्याशी बोलते. भाजी काय आणायची, आईचं औषध संपलं का, असं सगळं बोलते. तिच्या कामाविषयी मात्र बोलत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "छापायला हवंय का?"

त्याच वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मी एकटाच पुसेगावला गेलो होतो. मेंढरं दुसऱ्या रानात होती. कोंडाबाई लिंबाखाली बसून कातर घासत होती. मी म्हणालो, "मावशी, एक वाचून दाखवायचंय." फेब्रुवारीनंतर मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते दुसरं पत्रक मी उभ्यानेच वाचलं. तिचं नाव आलं तेव्हा तिने कातर थांबवली.

"बराबर हाय," ती म्हणाली. अंगठ्याने कातरीची धार पाहिली. "आन् ती समुद्रातली गाय? तिचं काय झालं?"

"तिला काही तकलीफ नाही, असं लिहिलं त्यांनी."

"कुनी लिहिलं?"

"मोठ्या लोकांनी."

"बघितली व्हय त्यांनी तिची पाठ? हात लावून?"

मी नाही म्हणून मान हलवली. पत्रक तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यात तिचं नाव होतं, ते तिच्याजवळ असावं असं मला वाटत होतं.

"ठेव तिथं खाली," ती म्हणाली.

मी ते जमिनीवर ठेवलं. मागे सरकलो. तिने ते उचलून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला. मग उठली, कळपातून एक कोकरू धरून आणलं. वाढलं होतं. मागच्या अंगावर माझा चार अजून शाबूत होता, भरीव, वळणदार.

"धर ह्याला," ती म्हणाली आणि कोकरू सरळ माझ्या हातात दिलं, बोटाला बोट लावून. "हलू देऊ नको. ह्यो रंग कातरून टाकते."

मी कोकरू दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती कातरत होती. निळी लोकर त्या पत्रकाच्या दगडाभोवती पडत होती. मला फार तहान लागली होती, आणि मी पाणी मागितलं नाही.